तीन वाक्यांचा खेळ

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, भिंगरीला सुट्टीत महिनाभर तुझ्याकडे पाठवू का, आणि मी "कळवते" म्हणाले. तू हसलास. "अगं, आत्याकडे जायचं, त्यात कळवायचं काय?" म्हणालास. तुझं बरोबरच होतं. माझी खोली मोठी आहे, खिडकीपाशी दुसरी खाट मावते, सुट्टीत मला काही कामही नसतं. तरी मी कळवते म्हणाले, आणि तेव्हापासून हे पत्र तीनदा लिहून फाडलं. या वेळी नाही फाडणार.

इंग्रजीचं व्याकरण म्हटलं की ती घाबरते म्हणालास ना, त्याची काळजी करू नकोस. माझ्या वर्गातही पहिल्या महिन्यात तसंच होतं. काळांचे तक्ते फळ्यावर लिहिले की पोरांचे चेहरे दवाखान्यात रांगेत बसल्यासारखे व्हायचे. मग मी तक्ते पुसले आणि आपल्या घरचे खेळ काढले. वस्तू लपवायची आणि ती कशाच्या खाली, मागे, आत आहे हे इंग्रजीत विचारत विचारत शोधायची, तो पहिला. आठवतं का, आईने बाबांचा चष्मा लपवला होता आणि बाबा बिचारे घरभर "अंडर? अंडर?" करत फिरत होते, कारण त्यांना तेव्हा तेवढा एकच शब्द येत होता. आणि तो चष्मा होता कपाटावर. मग हुकूम सोडायचा खेळ. 'प्लीज' म्हटलं तरच हुकूम पाळायचा आणि 'प्लीज' म्हटल्याशिवाय सुटका नाही. तू मला एका पायावर उभं केलंस आणि खुशाल पाणी प्यायला निघून गेलास. मी अर्धा तास उभी. आई म्हणाली, अगं, पाय टेकव आता. मी म्हटलं, पण त्याने प्लीज म्हणून सोडलंच नाही. तेव्हापासून तू मला 'कायदेपंडित' म्हणायला लागलास. मी तशीच आहे अजून. वह्या तपासताना अर्धा गुण कापला तर रात्री जेवताना तो अर्धा गुण आठवतो.

लोक विचारतात, तुम्ही शाळेत कधी गेलात? दहाव्या वर्षी, असं सांगितलं की चकित होतात. बाबा पुलांच्या कामावर मुकादम, दर सहा-आठ महिन्यांनी नवं गाव, नवी खोली, शाळेत नाव घालेपर्यंत बिऱ्हाड हलायचं, म्हणून आईच आमची शाळा, हे सांगताना मला अभिमान वाटतो. वाटायचा, असं लिहायला हवं.

आता तिसऱ्या खेळाचं सांगते. रविवारी दुपारी जेवणं झाली की आई बटणांचा डबा टेबलावर ओतायची. प्रत्येकाला पाच-पाच बटणं. एकेकाने आठवड्यात आपण काय काय केलं याची इंग्रजीत तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी खोटं ओळखायचं. ओळखलं तर सांगणाऱ्याकडून एक बटण मिळायचं, चुकलं तर आपलं एक जायचं. आणि आईचा एक नियम होता. खेळात जे बोललं त्यावरून कुणी रागावायचं नाही, आणि खेळ संपल्यावर तो विषय काढायचा नाही. पोरं भीतीने गप्प बसली तर भाषा कशी यायची, असं ती म्हणायची.

या वर्षी तो खेळ मी वर्गात घेतला. मुलांना वेड लागलं. ज्यांना भूतकाळाचं एक वाक्य जमत नव्हतं ती घरून दहा-दहा तयार करून आणू लागली. गेल्या महिन्यात आमच्या मोठ्या बाई मुद्दाम तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. वर्गात एक मुलगी आहे, सगळ्यांत हुशार, नियमाला पक्की. पोरं तिला 'हेडमास्तरीण' म्हणतात. तिने वाक्यं सांगितली. मी झाडांना पाणी घातलं. मी मैत्रिणीच्या वहीतून गृहपाठ उतरवला. मी मावशीकडे गेले. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, दुसरं खोटं. इतकं सोपं का सांगतेस म्हणून हसलेही. ती बाकाची कड धरून उभी होती. तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती म्हणाली, "मावशीकडे गेले नाही. दुसरं खरं आहे."

मी तिला बस म्हटलं. तास संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांनी इतकं खरं बोलावं असा खेळ तुम्हाला सुचला कुठून? मी म्हटलं, आमच्या घरचा आहे. त्या म्हणाल्या, मग घर चांगलंच असणार. मी मान हलवली आणि हात धुवायचं निमित्त करून नळापाशी जाऊन उभी राहिले.

दादा, बाबांचा तो नकाशा मी भिजवला होता.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते माझ्या हाताने लिहायचंय. बुधवार होता. बाबा चार दिवस खपून उतरवत होते तो खांबांचा नकाशा टेबलावर होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी तुला तो बघायला दिला होता आणि तू त्यातले खांब मोजत बसला होतास. सकाळी तुम्ही सगळे बाहेर होतात. तो पातळ कागद मला आवडायचा, त्यातून आरपार दिसायचं. माझ्या चित्रावर ठेवून बघावा म्हणून मी तो उचलला आणि ब्रश बुडवायचा पेला कलंडला. शाई पसरली. मी कागद होता तसा ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसले. बाबांनी तुला विचारलं. तू एकदाच म्हणालास, मी नाही. त्यांनी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं म्हणाले, ज्याला कागद सांभाळता येत नाही त्याला पुलावर नेऊन काय करू. एरवी दर शनिवारी तुला सोबत नेणारे बाबा त्या शनिवारी एकटेच कामावर गेले. पुढच्याही, आणि त्यानंतरही. तू सकाळी बूट घालून दारात उभा होतास ते मी पांघरुणातून पाहिलं.

पहिल्याच रविवारी मी ठरवलं, खेळात सांगायचं. खेळात कुणी रागावत नाही. मी म्हणाले, मी रोज दूध प्यायले. मी बाबांच्या नकाशावर पाणी सांडलं. मी शुद्धलेखनाची दोन पानं लिहिली. आई हसली, दुसरं खोटं म्हणाली. बाबाही दुसरंच म्हणाले. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "तिसरं. दोन पानं नाही, एकच लिहिलंय हिने."

तू बरोबर ओळखलं होतंस. आणि मी म्हणाले, नाही, दुसरं.

आई-बाबांना मी एकेक बटण दिलं. तू तुझं निळं बटण टेबलावरून माझ्याकडे सरकवलंस. काही बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की तू आईचा नियम पाळत होतास. पण नियमात दुसऱ्याचा आळ सोसायचं नव्हतं रे, आणि तू मला आयुष्यभर पाठीशी घातलंस. तुझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान उत्तम चालतं, तू मजेत आहेस, पूल बांधण्यापेक्षा हे बरं असं तूच म्हणतोस. ते खरं असेलही. मला ते विचारायचं धाडस कधी झालं नाही, कारण तू खरं सांगितलंस तर मला ऐकावं लागेल.

भिंगरी आली की मी तिच्यासमोर बटणं ओतणार आणि तिला सांगणार, दोन खरी, एक खोटं. ती तुझ्यासारखी एकटक बघते. तुझ्या मुलीसमोर त्या टेबलाशी मला हे लपवून बसता येणार नाही, म्हणून मी तुला नुसतं "पाठव" म्हणाले नाही. हे वाचून तूच ठरव. बाबांना मी येत्या रविवारी सांगणार आहे, खेळात नाही, समोर बसून. तू अडवू नकोस, या वेळी तरी मला पाठीशी घालू नकोस. सोबत निळं बटण पाठवते आहे. त्याची दोन भोकं झिजून एक झाली आहेत, कारण परीक्षेला, मुलाखतीला, जिथे जिथे भीती वाटली तिथे ते माझ्या मुठीत होतं. ते तुझं आहे. तू बरोबर ओळखलं होतंस.

तुझीच,
शेंडेफळ