वेठीची गाडी

मु. पाटोदा,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८३७

तीर्थस्वरूप दादास,

केसरचा साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. ज्वारी हुरड्यावर आली. सासूबाईंच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधते, तेवढा आराम पडतो.

आपला नगरकडचा इंग्रजी मुलूख आणि ही निजामाची मोगलाई, मधे नुसता ओढा. पण इकडची रीत मला पाच वर्षांत उमगली नाही. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान रयतेच्या बैलगाड्यांनी फुकट वाहायचं. वेठ म्हणतात. पुढच्या गावात दुसरी गाडी मिळाली की आपली सुटते. कुणाची गाडी धरायची ते कय्युम चपराशी ठरवतो. त्याला कोंबडी दिली की आपली गाडी त्याला दिसतच नाही. पाटीलसुद्धा देतो, हसत देतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मी पडले नगरची! कय्युम दारात आला, "बाई, येक कोंबडी तर हाय, कावून येवढं?" हे म्हणाले, "दिऊन टाक, लई वाकडं न्हाई त्यात." मी म्हटलं, "चोरी केलीय का आपण? एका गावापुरतं जाऊन या." अंगात कणकण होती, तरी त्यांनी मुकाट्यानं बैल जुंपले.

पुढच्या गावानं कोंबड्या दिल्या होत्या. त्याच्या पुढच्यानंही. गाडी सुटेचना. नांदूरघाटाला पोचेस्तोवर ताप डोक्यात गेला.

पत्राच्या माथ्यावर श्री नाही, तेव्हाच हे गेल्याचं तू ओळखलं असशील. महिना झाला. कळवायला हात उठला नाही. रडूही येत नाही, दादा. दळते, जेवते, निजते.

कय्युम भेटायला आला होता. ओट्यावर बसून ढसाढसा रडला. मी त्याला पाणी दिलं. राग यायला हवा होता, आला नाही.

काल पुन्हा दौऱ्याची दवंडी झाली. बैल आता धाकटे दीर धोंडीराम हाकतात. मी कोंबडीचे पाय बांधले आणि स्वतः नेऊन दिली.

हे वाचून तू अर्ज खरडायला बसशील. बसू नकोस. काय लिहिणार? कोंबडी दिली नाही म्हणून माणूस गेलं?

मला न्यायला मात्र ये. गाडी आणू नकोस, हद्दीत शिरलास की धरतील. पायी ये. मी चालेन.

तुझी,
केसर