यंत्राला मराठी येईपर्यंत

मार्च १९९८, गुरुवार. ऑफिसात बोलणारा संगणक आला. दिवसभर फोन घेतले. सहाला घरी आले.

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता जळगावला टेलिफोन ऑपरेटर आहे. साहेब म्हणाले, यंत्र वाचून दाखवणार, तेव्हा ब्रेलची पाटी आणि टोचणी सोमवारपासून बंद. निरोपही इंग्रजीत टाइप करायचे. यंत्राने इंग्रजी पत्र घडाघडा वाचलं. मी मराठी परिपत्रक लावायला सांगितलं, तर ते एच, डॉलर, टी असं काहीबाही बरळायला लागलं. सगळे हसले. साहेब म्हणाले, इंग्रजी पुरे आहे. पण पिंपळनेरहून आमच्या शिपायाची आई फोन करते, पोरगा तिथे आहे का असं अहिराणीत विचारते, "मना पोऱ्या शे का तठे?" तिचा निरोप मी तिच्याच शब्दांत टोचून ठेवते. तो इंग्रजीत कोणासाठी लिहायचा?

धुळ्याच्या आपल्या अंधशाळेचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही डाळ निवडताय, मी शेजारी कागद घेऊन बसलेय. तुम्हीही माझ्यासारख्याच अंध, पण खडा तुमच्या बोटांतून सुटत नाही. इंग्रजी ब्रेलची संक्षिप्त चिन्हं तुम्हीच घोटून घेतलीत, अख्खा शब्द सहा टिंबांच्या एका घरात. ऑपरेटर व्हायचं तर फोनवरचा माणूस थांबत नाही, म्हणायचात. मला त्याची इतकी चटक लागली की मराठी निबंधातही मी तीच चिन्हं घुसडली. तुम्ही कागदावरून बोट फिरवलंत आणि तो माझ्याकडे सरकवलात. आम्हाला अहिराणी बोलू न देणाऱ्या तुम्ही, रागात घरच्या बोलीत बोललात, "हाई मराठी शे का?" मग सावकाश म्हणालात, "मराठीला तिचं पूर्ण अक्षर दे. दुसऱ्याच्या घरात तिला कोंबू नको."

आज मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, याला मराठी येईपर्यंत माझी पाटी टेबलावरच राहील."

ते म्हणाले, मग रेकॉर्ड रूममध्ये बदली होईल, धूळ झटकत बसा. म्हटलं, करा. संगणक मीही शिकेन, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण माझी भाषा गिळून तो शहाणा ठरणार असेल, तर मी गप्प बसणार नाही. तेवढ्यात फोन वाजला आणि मी सगळ्यांसमोर पाटीवर निरोप टोचला. सोमवारी काय होईल ते होवो.

हे पत्र धाडायला पत्ता नाही.

आता भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळायला घेते. एकटीपुरतं.