ह्यांच्या क्लबाचा वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्त्याहत्तर, जहाजावरच्या बॉयलर फिटरची पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी यांची आई, पूर्ण शुद्धीवर राहून व स्वखुशीने हे मृत्युपत्र करीत आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घालाव्यात. डॉक्टरीणबाईंनी माझं स्मरण तपासायला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि वर आपल्या फुटबॉल क्लबाचे अकराही खेळाडू जागेसकट सांगितले. बाई म्हणाल्या, "पुरे आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे." तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर तिन्ही मुलांना समान. भिंती घालून वाटण्या करू नयेत. पुढची खोली, जिथे टीव्ही आहे, ती सगळ्यांची.

२. शिलाई मशीन मुलीला. दागिने थोरल्या सुनेला. बँकेतली शिल्लक आधी माझ्या औषधपाण्याला, उरेल ती नातवंडांना. मोठा कुकर माझ्या नणंदेने नेला आहे तो तिच्याकडेच राहू द्यावा. आता मागायला गेलं तर ती रडेल आणि कुकरही देणार नाही.

३. आता मुख्य मिळकत, म्हणजे क्लब.

आमच्या घराचा नियम असा की, नातं नाही तर क्लब नाही. परक्या देशातल्या क्लबासाठी घसा कोरडा करायचा, तर तिथे आपलं कुणीतरी असायला हवं. ह्यांचा पाय एका परदेशी बंदरात मोडला, तेव्हा जहाज ह्यांना तिथल्या दवाखान्यात सोडून पुढे गेलं. शेजारच्या खाटेवर एक क्रेनवाला होता. त्याची बायको नवऱ्यासाठी सूप आणायची, ते दोघांना पुरेल एवढं आणायची. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसता यायला लागल्यावर त्या माउलीने सरळ मैदानावर नेलं आणि गळ्यात आपला मफलर घातला, हिरवा-पांढरा, उभ्या पट्ट्यांचा. त्या दिवशी क्लब हरला. पण ज्या गावाने आपल्या माणसाला पायावर उभं केलं, ते गाव आपलं. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, गोल मोजायचे नसतात.

मुलगी परदेशात नर्स आहे, म्हणून तिच्या गावचा पिवळा क्लब आमचा व्याही. तो समोर आला की मी जपून ओरडते. लेक दिली आहे तिथे.

पिवळा क्लब मुलीकडे आहे आणि राहील. प्रश्न ह्यांच्या क्लबाचा आहे. त्याचं सभासदत्व ह्यांच्यामागे माझ्या नावावर झालं आणि क्लबाच्या नियमाप्रमाणे ते एका वेळी एकाच्याच नावावर राहू शकतं. थोरल्याला ते हवं आहे.

४. थोरल्याविषयी. मुलगा गुणाचा आहे, मोटार शिकवण्याची शाळा चालवतो, माझी औषधं चुकवत नाही. पण क्लब खालच्या गटात घसरला, त्याच आठवड्यात ह्याने लाल सदऱ्याच्या क्लबाची टोपी आणली. मी म्हटलं, "अरे, तिथे आपलं कोण आहे?"

"आई, त्यांच्याकडे चषक आहेत."

"चषक समोरच्यांच्या कपाटातही आहेत. जातोस का त्यांच्याकडे राहायला?"

गेला नाही, पण टोपीही काढली नाही. मग ती सगळी पडकी वर्षं माझ्याशेजारी बसली धाकटी सून. ती छापखान्यात पुस्तकं बांधते. नवरा जहाजावर, बापाच्याच वाटेने गेलेला. दिवसभर उभी असते, तरी सामना असला की पाय वर घेऊन बसायची आणि रेफ्रीला असं काही बोलायची की मला ऐकू आलं नाही असं दाखवावं लागे.

यंदा क्लब वर चढला. लगेच थोरला नवा मफलर मिरवत आला. "बाबांचा क्लब! शेवटी रक्ताचंच नातं खरं."

धाकटीने मफलर हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "भाऊजी, ह्या आडव्या पट्ट्या आहेत."

"मग?"

"आपल्या उभ्या. आडव्या नदीपलीकडच्यांच्या. त्यांनीच तर आपल्याला खाली ढकललं होतं."

मी हसून हसून खोकले. थोरल्याचा चेहरा एवढासा झाला, तरी म्हणाला, "म्हणून काय परघरच्या मुलीला देणार?"

"मीही परघरचीच रे," मी म्हटलं.

५. सबब, ह्यांच्या क्लबाचं सभासदत्व, ह्यांचा मफलर व टीव्हीसमोरची आरामखुर्ची मी धाकट्या सुनेला देत आहे. धाकट्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "तिलाच दे, मला निकाल तीच कळवते." क्लब पुन्हा घसरला तरी हे देणं रद्द होणार नाही, व तिनेही परत करू नये. तिच्या पश्चात कुणाला द्यायचं ते तिने ठरवावं. थोरल्याने हिच्याशेजारी हरण्याचा एक अख्खा हंगाम काढला, तर त्याचाही विचार करावा. सक्ती नाही.

हे कलम मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आता मी हरायला शिकायचं?"

धाकटी म्हणाली, "बसा भाऊजी, आपले शिकवतील. सवय आहे त्यांना."

वरचं सगळं माझ्या हाताने लिहिलं आहे. लिहिताना कुणी कानाशी लागलं नव्हतं आणि लागलं असतं तरी मी ऐकलं नसतं. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

सही : (वाकडी असली तरी माझीच)

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई. सही.

साक्षीदार दुसरे : शेजारचे शिंपीकाका. कुठल्याच क्लबाचे नाहीत, म्हणून निवडले. सही.

स्थळ : घरची पुढची खोली.

दिनांक : हंगामाचा पहिला शनिवार. आपण तीन गोलांनी हरलो. थोरला शेवटपर्यंत बसला होता.