नवव्या पानावरील दुरुस्ती

शेलूबाजार, जि. वाशीम
दि. ११ जानेवारी २०२६

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. तूर घरात आली. थंडीने तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो. ती स्वतः कुरकुरत नाही, असे तिचे म्हणणे आहे.

तू लिहिलेल्या बालपुस्तकाचे मुद्रित मिळाले. पुस्तकाचे चित्रकार रूबेन ह्यांच्या आईंनी आम्हां दोघांना येत्या शुक्रवारी ठाण्यास जेवायला बोलावले आहे, हेही चिठ्ठीत वाचले. त्याचे उत्तर पुढे देतो. आधी ऱ्हस्व-दीर्घ.

पुस्तकातील कुटुंबाची, म्हणजे रूबेन ह्यांच्यासारख्या कोकणातील यहुदी लोकांची, घरातली भाषा मराठीच, ह्याचे नवल वाटले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, हे जन्मभर मराठी शिकवूनही मला ठाऊक नव्हते. शुक्रवारच्या प्रार्थनेच्या सरबतासाठी मनुका किती वेळ भिजवतात? काळ्याच का? 'मलिदा' शब्दाखाली मी लाल रेघ ओढली होती. आपल्याकडे पोळी चुरून गूळ-तूप घातले की मलिदा. त्यांच्याकडे तो गोड पोह्यांचा, वर फळे, असे पुढे वाचले आणि रेघ खोडली.

नवव्या पानावर पाहुणी मुलगी जेवायला बसली आहे. तुझी आई चित्र पाहून म्हणाली, "हे पोरगी तं आपली वैजू हाये. नाक पाहा, तुमचंच."

"हे नव्हे, ही पोरगी," मी सुधारले.

"बोलनं काहून बदलता? त्या चित्रवाल्यानं किती दिवस पाह्यलं असंन ते नाक?"

मी चष्मा पुसून ते नाक पुन्हा पाहिले.

त्याच पानावर घरातील लहानगी पाहुणीला म्हणते, "आम्ही आता जेवू." वाक्य चुकले आहे. 'आम्ही'त समोरचा माणूस येत नाही, 'आपण'मध्ये येतो. ताटावर बसवून 'आम्ही' म्हटले, तर पाहुणी उपाशी राहील. 'आपण आता जेवू' असे कर. दुसरीत तुला हा भेद कळत होता. आता चूक घाईने झाली की धास्तीने, ते विचारीत नाही.

आम्ही गुरुवारी निघतो. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो आणि मग दिवा लावीत नाहीत, असे तूच लिहिले आहेस. त्याआधी तो लागताना तेथे असावे, अशी इच्छा आहे. त्यांच्याकडे मटणाच्या पंगतीत दूध-तूप चालत नाही, म्हणून तुझी आई तेलातल्या शंकरपाळ्या करीत आहे. रूबेन ह्यांच्या आईंना कळव.

तुम्हां दोघांचा,
बाबा