दोन टोप्या

४ मार्च, बुधवार
बेसिन काढलं. पुढच्या खोलीत ही बायकांचे केस कापायची, धुवायची – ते. ही गेल्यापासून त्यावर चादर टाकली होती, तरी जाता-येता दिसायचंच.
मेन कॉक बंद केला, गीझरमधलं पाणी विसरलो. पायजमा चिंब. ही असती तर हसून बेजार झाली असती.
बेसिन गॅलरीत ठेवलंय. भिंतीतून तांब्याचे दोन पाइप बाहेर – एक गार, एक गरम. उघडेच.

५ मार्च, गुरुवार
घरभर पाणी बंद. शेजारून बादली आणली.
पाइपांची तोंडं डाग देऊन बंद करावीत, तर भिंतीला लाकडी फळ्या, तिथे आग नको. हार्डवेअरवाल्याने दाबून बसवायच्या टोप्या दाखवल्या. "पाइप सरळ कापा, कडा घासा, टोपी ढकला. काढायची झाली की ही कडी दाबून ओढा."
"काढायची नाही. कायमचं बंद करायचंय."
"मग डागच द्या की, साहेब."
टोप्या घेऊन आलो.

६ मार्च
गार पाइपची बसली. गरम पाइपची गळतेय. कड नीट घासली नाही, आतलं रबर कापलं गेलं. खाली हिची केसांचा रंग कालवायची वाटी ठेवलीय. थेंब वाजतो. या खोलीत तेवढाच आवाज.

७ मार्च, शनिवार
नवी टोपी आणली. कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासली. कॉक सोडला. कोरडं ठाक. वाटी धुऊन ठेवली.
झालं.

८ मार्च, रविवार
वरच्या मजल्यावरून सासूबाई खाली आल्या. खांद्यावर टॉवेल. दर रविवारी ही त्यांचे केस धुवायची – त्यांचे हात वर जात नाहीत. ही गेल्यापासून आज पहिल्यांदाच आल्या. त्यांचे केस आता कोण धुतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.
"आई, बेसिन काढलं मी."
"दिसतंय की. खांदे गेलेत, डोळे नाही." मग हळूच, "केसांची पार दोरखंडं झालीत, जावईबापू."
मी काही बोलायच्या आत वळल्या. कठडा धरून, थांबत थांबत वर गेल्या.

१५ मार्च, रविवार
या वेळी गीझर आधी रिकामा केला. कडी दाबली – दोन्ही टोप्या निघाल्या. पाइप आखूड झालेत, बेसिनला लांब नळ्या जोडल्या. मग वर जाऊन हाक मारली.
डोकं मागे टेकून आई म्हणाल्या, "पाणी कोमट ठेवा हं. ती फार गरम घ्यायची. मी कधी बोलले नाही तिला."