वहिनीचा फॉर्म

वहिनी,

तू सिल्लोडला माहेरी पोचली असशील.

लॉ सीईटीच्या सराव पेपरात मी बासष्टवरून एक्क्याऐंशीवर आले ते तुझ्यामुळंच. भाकरी थापता थापता तू औरंगपुऱ्यातून आणलेल्या गाईडमधले प्रश्न विचारायचीस. मग गंमत म्हणून तूही एक पेपर सोडवलास. तुला सत्त्याण्णव पडले.

"वकिलीणबाई, माझाबी फॉर्म भरा की. बी.ए. काय लोणच्याला घालू?" म्हणालीस. हसत नव्हतीस.

मी म्हणलं, तारीख गेली.

तारीख आज हाय, पाच वाजेपर्यंत. तुझा फॉर्म मी आत्ता उघडलाय, पण ओटीपी तुझ्याच मोबाईलवर येणार. तो मागायचा तर खोटं बोलले हे सांगावं लागंल.

साडेचार झाले. फोन करायचा सोडून मी पत्र लिहीत बसलेय.

तुझी नणंद,
तनुजा