विलायती डुकरिणीची पिल्लं

गोंदिया, ३ जानेवारी १९४४
आणि मी म्हणतो, गावठी डुकरं राखणाऱ्या त्या बकारामचं काऊन ऐकून घ्यायचं? आज पुन्हा तोच वाद, डुकरं कशी राखायची. मी भरती झालो ते मिलिटरीच्या गोदामावर म्हणून. निघालं डुकरांचं फारम! घरी मात्र कळवलंय, गोदामावर जमादार आहे. आहेच जवळजवळ. साहेबानं कबूल केलंय, विलायती डुकरिणीची पिल्लं जगव, जमादार करतो. बहिणीचं, शामकलाचं लग्न माघात. तिच्या पाटल्यांचे चाळीस रुपये मी देणार, असं बाबांना लिहून टाकलं. अर्जुनीहून एवढ्या दूर कोण तपासायला येतं!

५ जानेवारी
वास. अंगाला, भाताला, उशीला वास. सकाळी ओकलो.
निश्चय: विलायती डुकरिणीची सिमिंटची खोली रोज दोनदा फिनेलनं धुणार. बकारामची गावठी डुकरं बाहेर चिखल उकरतात, माती खातात. शी!

११ जानेवारी
पिल्लांचे कान कागदासारखे पांढरे झाले. साहेबाला सांगितलं, माझ्या धुण्यानं रंग उजळला. साहेबानं डॉक्टरला बोलावणं धाडलं.

१२ जानेवारी
जनावरांचे डॉक्टर आले, नंदलाल. एका पिल्लाची पापणी उलटून म्हणाले, भैया, इनके खून में लोहा ही नहीं. म्हणे आईच्या दुधात लोखंड थोडं, बाकीचं पिल्लू मातीतून घेतं, अन् तुम्ही माती ठेवलीच नाही. पितं तेवढ्या दुधाचं बळ ऊब धरण्यात अन् दुखण्याशी झगडण्यात संपतं, वाढायला काय उरणार? खोलीत लाल माती टाका.
म्हणजे स्वच्छता केली हाच गुन्हा! मी ऐकवलं, डॉक्टरसाहेब, मातीतलं मला सांगू नका. आमच्या घराण्यानं तलाव बांधलेत.

१३ जानेवारी
टाकली माती. वीतभर थर. पाणी शिंपून दिवसभर धुमसानं ठोकली, तलावाच्या पाळीवर ठोकतात तशी. वरून शेणानं सारवली. थेंब झिरपायचा नाही. बकाराम म्हणे, उमराव, पिल्लं पोसून राहिला का तलाव भरून राहिला बे? कामाची कदर नाही मेल्याला.

१७ जानेवारी
पिल्लं एकमेकांवर ढीग करून थरथरतात. उकरायला जातात तर नाक घसरतं. पक्कं काम!
हगवण लागली सगळ्यांना. साफ कोण करतो? मीच. जेवलो नाही.

१९ जानेवारी
तीन मेली. थंडीनं. थंडी काय मी आणली?
डॉक्टरचं औषधच खोटं. साहेबाला सांगणार होतो. उद्या सांगीन.

२० जानेवारी
डॉक्टरांनी मातीवर टाच आपटली. खण्ण वाजली. खूप हसले. मग मेलेली पिल्लं पाहिली अन् हसणं थांबलं. तोडो इसे, म्हणाले. बकारामनं कुदळ घातली. ढेकळं सुटली तशी उरलेली पिल्लं माती खायला तुटून पडली, तोंडं लालेलाल. पाहवेना. बाहेर जाऊन थुंकलो.
वरून नवं काम: हिराकसाचं पाणी रोज डुकरिणीच्या आचळांना लावायचं, म्हणजे दुधासोबत पिल्लांच्या पोटात लोखंड जाईल. डुकरिणीच्या आचळांना. मी. माझ्या हातानं.

२ फेब्रुवारी
पिल्लं धावून राहिली. साहेब खूश. जमादार बकाराम झाला.
मेलेल्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले. विलायती म्हणून भाव जास्त.
हे सोसलं असतं. पण केशोरावमामा भाताच्या मिलवर आले होते, ते भाच्याचं गोदाम पाहायला फारमात शिरले. मी डुकरिणीखाली आडवा, हातात हिराकसाची वाटी. मामा नाकाला उपरणं लावून म्हणाले, जमादारसाहेब, उठू नका, तुमची डूटी आटपा. मी म्हटलं, मामा, आजच्यापुरता बदलीवर आहे. मामा म्हणे, मले कायले सांगतोस? शामकला वाट पाहून राहिली, तिले काय सांगू ते सांग.
हात तीनदा धुतले, मग पगारातून कापून उरलेले पैसे आणले. तरी मामांनी ते हातात घेतले नाहीत, उपरण्याचं टोक पुढं केलं.
शामकलासाठी पाठवले: तीन रुपये बारा आणे.